एकोणीस पोती

मुलांनो, एक वजनकाटा डोळ्यांसमोर आणा बरं. भाजीवाल्याचा नको, आणि दवाखान्यात ज्यावर उभं राहून मोठी माणसं पोट आत ओढतात तोही नको. अख्खा ट्रेलर मालासकट उभा राहील एवढा मोठा काटा आणा. जमिनीत बसवलेली लांबलचक लोखंडी पाटी, तिच्या कडेला एक केबिन, केबिनीत फिरण्यापेक्षा कुरकुरणंच जास्त करणारा पंखा, आणि बाहेर उंच खांबावर एक काळा बोर्ड. ट्रेलर पाटीवर चढला की बोर्डावर लाल आकडे पळायला लागतात. पळून पळून दमले की थांबतात. थांबतील ते वजन. आणलात? छान. आता केबिनीत खुर्चीवर एक बाई बसवा, आणि बाईंच्या टेबलाशी, स्टुलावर पाय हलवत बसलेली दहा वर्षांची एक मुलगी.

बाईंना सगळं बंदर 'काट्यावरच्या बाई' म्हणायचं. मुलीला, म्हणजे त्यांच्याच लेकीला, 'छटाक' म्हणायचं. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून तिच्या बाबांनी ते नाव ठेवलं. पुढे मुलगी वाढली, नाव काही वाढलं नाही. बाबा याच बंदरात ट्रेलर चालवायचे. घरात चौथा होता गोळा, छटाकचा धाकटा भाऊ, वय वर्षं तीन. त्याला गोळा का म्हणायचे ते तुम्ही त्याला एकदा पाहिलं असतंत तर विचारलंच नसतंत.

काट्यावरच्या बाईंचा एक लौकिक होता. बोर्डावर जो आकडा थांबेल तोच त्या लिहायच्या. कोणी म्हणालं, "बाई, वीस किलोंचा तर प्रश्न आहे, सोडा की," तर त्या चष्म्यावरून बघायच्या. बस. तेवढं पुरायचं. माणूस मुकाट्याने पावती घेऊन निघून जायचा. आठ वर्षं त्यांनी हा लौकिक डोळ्यांत तेल घालून सांभाळला. मग तो डबा आला.

डबा म्हणजे तुमचा खाऊचा नव्हे. जहाजावर एकावर एक रचतात तो लोखंडी कंटेनर, एखाद्या खोलीएवढा. चौदा महिन्यांपूर्वी तो या बंदरात उतरला. कागदावर लिहिलं होतं, 'स्वच्छ प्लास्टिक, पुनर्वापरासाठी.' तपासनीसाने दार उघडलं आणि तो डोळे चोळत, खोकत, साहेबांच्या गाडीपर्यंत पळत गेला. यावरून प्लास्टिक किती स्वच्छ होतं याचा सगळ्यांना अंदाज आला. आत पिंपं होती आणि पिंपांत कुठल्याशा कारखान्याचा आम्लाचा गाळ होता. हा गाळ आपल्याच घरी नीट निकालात काढायचा म्हणजे खर्च फार. त्यापेक्षा तो जहाजावर चढवून अनोळखी माणसांना भेट पाठवणं सोपं. भेटीवर आपलं नाव घालायचं नाही, एवढा विनय पाळला की झालं.

आता तुम्ही विचाराल, असं पाठवता येतं का हो? छे, छे! जगातल्या शहाण्या माणसांनी एकत्र बसून त्यासाठी करार केला आहे. विषारी कचरा दुसऱ्या देशात पाठवायचा असेल तर आधी त्या देशाला विचारायचं. त्याने लेखी 'हो' म्हटलं तरच पाठवायचं. आणि चोरून पाठवलंत तर परत न्यायचं. तिसरीतल्या मुलाला पहिल्या वाचनात कळावा इतका सरळ करार आहे. मोठ्या माणसांना मात्र तो कळण्यासाठी दर वर्षी परिषदा भरवाव्या लागतात.

तर डबा सापडला, करारावर बोट ठेवलं गेलं, आणि 'परत न्या' असं पत्र गेलं. पाठवणारा देश म्हणाला, आमच्याकडून निघाला तेव्हा आत स्वच्छ प्लास्टिकच होतं, वाटेत कोणीतरी बदललं. वाटेतला देश म्हणाला, आमच्या धक्क्यावर तो नऊ तास होता, नऊ तासांत आम्ही साधी एक फाईल हलवू शकत नाही तर पिंपं कुठून हलवणार? जहाजावर ज्याचा झेंडा होता तो देश म्हणाला, झेंडा म्हणजे शेवटी एक कापड आहे. माल ज्या कंपनीचा, ती चौथ्याच देशात नोंदवलेली होती. तिथे चौकशीला माणूस गेला तर त्याला एका जिन्याखाली पत्रपेटी सापडली. पत्रपेटीने उत्तर दिलं नाही. पाचवा देश म्हणजे जिथे डबा पडला होता तो. त्याने काय म्हणायचं? तो नाक दाबून उभा होता.

मग पाचही जणांनी मिळून निर्णय घेतला, आणि तो एकमताने घेतला. निर्णय होईपर्यंत निर्णय घ्यायचा नाही. तोवर डबा दाराला सील ठोकून, पुरावा म्हणून जसा आहे तसा ठेवायचा. दर महिन्याच्या एक तारखेला त्याचं वजन करायचं आणि वजनाचा दाखला पाच राजधान्यांना पाठवायचा. वजन तेच, तर डबा तोच. वजनात फरक पडला तर कोणीतरी छेडछाड केली असं धरायचं, आणि मग पाठवणाऱ्या देशाची जबाबदारी संपली.

अशा रीतीने डबा काट्यावरच्या बाईंच्या आयुष्यात आला. दर एक तारखेला छटाकचे बाबा तोंडाला रुमाल बांधून त्याला ट्रेलरवर घेऊन यायचे. ट्रेलरचं स्वतःचं वजन त्याच्या कपाळावरच रंगवलेलं असे. ते वजा करून बोर्डावर नुसत्या डब्याचा आकडा दिसायचा. एकवीस हजार चारशे साठ. पहिला महिना तेवढाच, दुसरा तेवढाच, तिसराही. चौथ्या महिन्यात आकडे पळाले, दमले आणि थांबले एकवीस हजार चारशे चाळीसवर.

बाईंनी काटा शून्य करून पुन्हा वजन घेतलं. पाटीवर कोणी उभं आहे का, चाक बाहेर आहे का, ते पाहिलं. पुन्हा चाळीस. त्या उठल्या आणि यार्डाच्या मोठ्या साहेबांकडे गेल्या.

"साहेब, डबा वीस किलोने हलका झालाय."

साहेबांनी पेपर खाली न करता विचारलं, "काटा बिघडलाय का?"

"काटा माझा आहे साहेब."

"मग बघण्यात चूक झाली असेल."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. साहेब पेपराआड होते, त्यामुळे त्यांच्यावर परिणाम झाला नाही. मग पेपर खाली आला आणि साहेब अगदी मऊ आवाजात म्हणाले, "बसा बाई. मला एक सांगा, हा डबा इथून जायला हवा की नको?"

"हवाच ना. त्याला लागून आमचे क्वार्टर्स आहेत. मधे एक भिंत आणि भिंतीखालून नाला."

"अगदी बरोबर. आता तुम्ही चाळीस लिहिलंत की ते लोक काय म्हणणार? छेडछाड झाली. आमचा संबंध संपला. मग डबा कोणाच्या गळ्यात? तुमच्या, माझ्या. खऱ्या आकड्याने तो कायमचा इथे राहणार, आणि साठ लिहिलंत तर एक दिवस जाणार. ठरवा तुम्हीच. मी काही जबरदस्ती करत नाही. क्वार्टर मात्र बंदराचं आहे, हे सहज आठवलं म्हणून सांगतो."

बाई परत केबिनीत आल्या. पंखा कुरकुरत होता. त्यांनी पेन उचललं, ठेवलं, परत उचललं, आणि बोर्डावर नसलेला आकडा त्यांनी पहिल्यांदाच दाखल्यावर लिहिला. साठ. त्यांना वाटलं, एकदाच तर लिहायचंय.

एकदाच लिहायच्या गोष्टी दर महिन्याला लिहाव्या लागतात. पाचव्या महिन्यात आणखी वीस किलो कमी. सहाव्यात वीस. पुढे कधी चाळीस, मग साठ. दाखल्यावर डबा ठणठणीत होता. पाच राजधान्यांत पाच कारकून दर महिन्याला 'वजन स्थिर' असा शेरा मारून दाखला आपापल्या कप्प्यात टाकत होते, आणि इकडे यार्डाच्या कोपऱ्यात डब्याच्या खालच्या शिवणीतून तपकिरी थेंब ठिबकत होता. ठिबकून तो फरशीच्या उतारावरून भिंतीकडे जायचा आणि भिंतीखालून नाल्यात.

नाल्यात गोळा असायचा. तीन वर्षांच्या माणसाला पाणी दिसलं की तो त्यात जातो. घोट्याएवढं पाणी, त्यात दोन पाय आपटायचे, बस, एवढाच त्याचा धंदा. एके दिवशी त्याचे तळवे लाल झाले. मग फोड आले. मग फोड फुटले आणि गोळा रांगायला लागला. तीन वर्षांचा मुलगा परत रांगायला लागला की आईचं काय होतं, ते तुमच्या आईला विचारा.

दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "पाण्यात जाऊ देऊ नका."

"कुठल्या पाण्यात? पाण्यात काय आहे?"

"ते मला कसं कळणार? पाणी तपासून घ्या."

बाईंनी नाल्याचं पाणी तपासण्यासाठी अर्ज केला. सात आठवड्यांनी उत्तर आलं आणि उत्तर फार सुंदर टाईप केलेलं होतं. 'आपला अर्ज काळजीपूर्वक वाचला. सदर कंटेनरच्या मासिक दाखल्यांनुसार त्यातून एक किलोही बाहेर गेलेलं नाही. सबब नाल्यात काहीही असणं शक्य नाही. सबब तपासणीची गरज नाही.' सोबत पुराव्यादाखल दाखल्यांच्या प्रती जोडल्या होत्या. प्रत्येकाखाली बाईंचीच सही होती.

बाईंनी ते पत्र दोनदा वाचलं आणि टेबलाच्या खणात उपडं ठेवलं.

छटाक मात्र शाळा सुटल्यावर रोज केबिनीत यायची आणि बोर्डावरच्या आकड्यांवर गणितं मांडायची. हा ट्रेलर त्या ट्रेलरपेक्षा केवढ्याने जड, तो केवढ्याने हलका. एकदा ती म्हणाली, "आई, डबा पहिल्यापासून आतापर्यंत तीनशे ऐंशी किलोने कमी झालाय. मी दोनदा करून बघितलं."

"हं."

"मग तीनशे ऐंशी किलो गेलं कुठे?"

"वाफ झाली असेल."

"वाफ कुठे गेली?"

"छटाक, भूगोल कर."

"भूगोलच करतेय. उतार भिंतीकडे आहे."

आईने चष्म्यावरून पाहिलं. पण छटाक दहा वर्षं त्या नजरेसमोर वाढली होती, तिच्यावर काय परिणाम होणार? शेवटी आईनेच चष्मा काढून पुसायला घेतला.

आणि मग बातमी आली. चौदा महिन्यांच्या पत्रव्यवहाराला फळ आलं होतं. पाच देशांचे पाच प्रतिनिधी आणि त्यांच्या अध्यक्षबाई, अशी संयुक्त तपासणी समिती स्वतः येणार होती. स्वतः डोळ्यांनी वजन पाहणार होती. बंदरात एकच धावपळ उडाली. ज्या रस्त्यावरून समिती जाणार तेवढ्या रस्त्याचे खड्डे बुजवले, झाडांच्या बुंध्यांना चुना लावला, केबिनीतल्या पंख्याला तेल मिळालं. नाल्यावर हिरवं कापड ताणलं.

आदल्या संध्याकाळी बाबा जेवायला बसले, पण घास काही तोंडात जाईना.

"अगं, उद्या सहाला यार्डात बोलावलंय. वाळूची पोती चढवायची आहेत."

"कशावर?"

"ट्रेलरवर. माझी केबिन आणि डबा यांच्यामधे जागा असते ना, तिथे. वरून ताडपत्री टाकायची. वीस वीस किलोची एकोणीस. साहेबांनी स्वतः हिशेब करून दिला."

"वीस एकोणीसे तीनशे ऐंशी," छटाक ताटावरून म्हणाली.

"म्हणजे साहेबांना वजाबाकी येते तर," आई म्हणाली. "चौदा महिने येत नव्हती."

"तू साहेबांना हसू नकोस. दाखल्यावर सह्या तुझ्या आहेत."

बाबांना लगेच वाईट वाटलं. "तसं नाही गं. पण नीट विचार कर. उद्या आकडा जुळला, त्यांनी सह्या केल्या, की डबा गेला. डबा गेला की नाला आपोआप साफ होईल. एकच दिवस. मग कधी नाही."

गोळा आईच्या मांडीवर झोपला होता. त्याच्या दोन्ही पायांना पांढऱ्या पट्ट्या होत्या. आईने त्या पट्ट्यांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "एकच दिवस. असंच मी चौथ्या महिन्यात म्हणाले होते."

पण दुसरं काही तिला सुचलं नाही, आणि सकाळी सहाला पोती चढली.

समिती साडेदहाला आली. सहाही जणांनी डोक्यापासून पायांपर्यंत पांढरे अंगरखे चढवलेले, तोंडावर मुखवटे, हातांत दुहेरी हातमोजे, बुटांवर पिशव्या. चंद्रावर उतरावं तशी माणसं गाडीतून उतरली. एका प्रतिनिधीने छटाकच्या बाबांना हाताने खूण करून लांब उभं राहायला सांगितलं. त्यांच्या सुरक्षिततेसाठी, असं तो म्हणाला. चौदा महिने जो माणूस रुमाल बांधून तो डबा ओढत होता, त्याच्याशी त्या दिवशी पहिल्यांदा कोणीतरी सुरक्षिततेबद्दल बोललं. बाबा विनयाने बाजूला झाले. नाहीतरी वजन करताना ड्रायव्हरने पाटीवरून खाली उतरायचंच असतं.

शाळेला सुट्टी दिली होती; रस्त्यावर मुलं दिसली तर बरं दिसत नाही म्हणून. त्यामुळे छटाक केबिनीत होती आणि टेबलाखाली चटईवर गोळा होता, पाय वर करून.

समितीजवळ तपासणीचा छापील तक्ता होता. कंटेनरचा क्रमांक? जुळला. सील? जुळलं. रंग? निळा होता, गंजून तपकिरी झाला होता. 'निळा' असं लिहिलं. झेंड्याच्या देशाच्या प्रतिनिधीने ताडपत्रीकडे बोट केलं.

"ते काय आहे?"

"वाळू," साहेब म्हणाले. "ट्रेलर घसरू नये म्हणून."

प्रतिनिधीने तक्ता वरपासून खालपर्यंत पाहिला. त्यात ताडपत्रीसाठी रकाना नव्हता. तो समाधानाने पुढे गेला.

मग वजन. केबिनीत बाईंनी काटा सुरू केला. बोर्डावर आकडे पळाले. सगळ्यांच्या माना वर. आकडे दमले, थांबले. एकवीस हजार चारशे साठ.

टाळ्या! हातमोज्यांमुळे त्यांचा आवाज भिजल्यासारखा आला, पण टाळ्याच. पाठवणाऱ्या देशाच्या प्रतिनिधीने वाटेतल्या देशाच्या प्रतिनिधीशी हात मिळवला. पत्रपेटीच्या देशाने झेंड्याच्या देशाची पाठ थोपटली. चौदा महिन्यांत एक किलोचाही फरक नाही, याला म्हणतात आंतरराष्ट्रीय सहकार्य! साहेबांनी रुमालाने मान पुसली. सहा सह्या झाल्या.

बाई पावती घेऊन बाहेर आल्या. पावती त्यांनी अध्यक्षबाईंच्या हातात दिली, पण पावतीचं टोक सोडलं नाही.

"मॅडम, एक विचारू? आता डबा कधी जाणार?"

"फार चांगला प्रश्न," अध्यक्षबाई म्हणाल्या. त्या मनाने चांगल्या होत्या, आवाजही प्रेमळ होता. "आज वजन सिद्ध झालं. हा अहवाल आता उपसमितीपुढे जाईल. उपसमिती दीड वर्षांनी भरते. तिथे पटलं की मुख्य परिषदेत विषय येईल."

"आणि तोपर्यंत?"

"तोपर्यंत डबा जसा आहे तसा. तुम्ही इतका छान सांभाळलाय."

"आणि त्यातून गळतं त्याचं काय?"

साहेबांना एकदम खोकला आला. अध्यक्षबाईंनी पावती डोळ्यांजवळ धरली, मग बोर्डाकडे पाहिलं, मग बाईंकडे, अगदी दयेने.

"गळत कसं असेल? वजन तर पूर्ण आहे."

बाईंनी पावतीचं टोक सोडलं.

त्या केबिनीत आल्या आणि खुर्चीवर बसल्या. बाहेर फोटोची तयारी सुरू झाली होती. सगळे ट्रेलरसमोर ओळीने उभे राहत होते, आणि फोटोत वरती बोर्डावरचा आकडा यायलाच हवा असा साहेबांचा आग्रह होता. फोटोवाला मागे मागे सरकत म्हणत होता, "थोडे जवळ या. आकडा बसत नाहीये. हं, आणखी थोडे."

"आई," छटाक म्हणाली, "दीड वर्ष म्हणजे अठरा महिने ना?"

"हो."

"आता महिन्याला साठ कमी होतायत. अठरा साठे एक हजार ऐंशी. म्हणजे आणखी चोपन्न पोती लागतील."

छटाक बोटांवर मोजतच होती.

"आणि आताची एकोणीस. त्र्याहत्तर. आई, ट्रेलरवर त्र्याहत्तर पोती मावतील का गं?"

टेबलाखालून गोळा म्हणाला, "पोती!" त्याला कुठलाही शब्द आवडला की तो म्हणून बघायचा.

आईने हसायचा प्रयत्न केला, पण तोंडाने ऐकलं नाही. तिने दोन्ही हातांनी चेहरा झाकला. एवढाच वेळ. हात काढले तेव्हा स्टूल रिकामं होतं आणि केबिनीचं दार हलत होतं.

छटाक पाटीवरून पळत ट्रेलरपाशी गेली. बोर्डावर साठाचे ऐंशी झाले. टायरवर पाय, मग पायरीवर, मग ती वर; बाबांच्या ट्रेलरवर ती चालायला लागल्यापासून चढत आली होती. तिने ताडपत्रीची दोरी सोडली आणि ताडपत्री बाजूला ओढली. एकोणीस पोती अगदी शिस्तीत बसली होती, समितीपेक्षाही नीट ओळीत.

"साहेब," फोटोवाला कॅमेऱ्यातून बघत म्हणाला, "आकडा बदलला."

"बदलेल कसा?" साहेब न वळता, हसरा चेहरा तसाच धरून म्हणाले.

वरती छटाक खाली बसली. तिने डब्याला पाठ टेकवली, कडेच्या पोत्याला दोन्ही पाय लावले आणि जोर केला. पोतं हललं, कलंडलं आणि धप्पकन खाली पाटीवर पडलं. आता सगळेच वळले.

पण बोर्डावर ऐंशीचे ऐंशीच. पोतं ट्रेलरवर असो की पाटीवर पडलेलं असो, काट्याला काय त्याचं? तुम्ही असतात तर इथे कदाचित रडला असतात. छटाकला हे आधीपासून ठाऊक होतं. ती खाली उतरली, पोत्याचे दोन कान धरले आणि मागे मागे जात ते ओढायला लागली.

"ए पोरी! काय चाललंय? कोणाची आहे ही?" साहेब ओरडले. कोणाची आहे ते त्यांना चांगलं माहीत होतं. "ड्रायव्हर, उचला हिला!"

बाबा लांब उभे होते, सांगितलं होतं तिथेच. ते म्हणाले, "सुरक्षिततेसाठी इथे उभा आहे, साहेब." आणि जागचे हलले नाहीत.

पोतं पाटीच्या कडेला आलं, छटाकने त्याला एक धक्का दिला, आणि ते पाटीवरून बाहेर जमिनीवर गडगडलं. बोर्डावर आकडा पळाला आणि थांबला. एकवीस हजार चारशे साठ. साहेबांनी एवढा मोठा श्वास सोडला की मुखवटे घातलेल्यांनाही तो ऐकू गेला. बघा, काही बदललं नाही! मग छटाकने कपाळावरचे केस मागे सारले आणि ती स्वतः पाटीवरून खाली उतरली. चारशे चाळीस.

"बाई!" साहेब केबिनीकडे बघून ओरडले. "बोर्ड बंद करा! आधी बोर्ड बंद करा!"

बोर्डाचं बटण टेबलाच्या उजव्या कोपऱ्यात होतं. बाईंचं बोट त्यावर गेलं, सवयीने, कारण साहेबांनी सांगितलं की बोट जायचंच. टेबलाखाली गोळा पट्ट्या बांधलेले पाय एकमेकांवर आपटत होता आणि म्हणत होता, "पोती, पोती." बाईंनी बोट उचललं. शेजारचं दुसरं बटण दाबलं. यंत्र खरखरलं आणि पावती बाहेर आली. एकवीस हजार चारशे चाळीस. बाईंनी तिच्यावर सही केली, आणि खिडकीतून हात बाहेर काढून ती अध्यक्षबाईंसमोर धरली.

"ही पण घ्या. अजून येतील."

अध्यक्षबाईंनी मुखवटा खाली ओढला. वास आला असावा, कारण त्यांचे डोळे पाणावले. "किती पोती आहेत ही?"

साहेब म्हणाले, "मॅडम, ट्रेलर घसरू नये म्हणून..."

"एकोणीस," लांबून बाबा म्हणाले.

"म्हणजे वजन जुळत नाही!" पाठवणाऱ्या देशाचा प्रतिनिधी एकदम टवटवीत झाला. "नोंद करा. छेडछाड. आमची जबाबदारी इथे संपते."

"आमची तर सुरूच झाली नव्हती," झेंड्याचा देश म्हणाला.

"जुळत नाही, बरोबर," बाई खिडकीतून म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण नजर चष्म्यावरून आली होती, आणि या खेपेला समोर कोणाचा पेपर नव्हता. "सील तुम्हीच तपासलंत, ते जुळलं. मग दार न उघडता तीनशे ऐंशी किलो कोणी नेलं? तिकडे भिंतीजवळ हिरवं कापड आहे. ते उचला आणि मग मला सांगा कोणाचं काय संपलं ते. चौदापैकी अकरा दाखले मी खोटे लिहिलेत. माझ्या नावापुढे तेही लिहा."

कापड कोणी उचलायचं, यावर सहाही जण एकमेकांकडे पाहत राहिले; पुढे काय झालं असतं ते सांगता येत नाही, कदाचित त्यासाठीही एखादी उपसमिती नेमली गेली असती.

छटाकने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. तिने हातांची वाळू फ्रॉकला पुसली, परत टायरवर पाय ठेवला, वर चढली, डब्याला पाठ टेकवली आणि दुसऱ्या पोत्याला दोन्ही पाय लावले.